भाऊही रांगेतच

शाखेतले लोक तिला पाठीमागे कुलूपबाई म्हणत. तिजोरीला कुलूप लावलं तरी ती दोनदा ओढून बघायची. कारकून म्हणून लागली, खिडकीवर नोटा मोजल्या, कर्जखात्यात वर्षं काढली आणि शेवटी त्याच शाखेची मॅनेजर झाली. निवृत्तीला थोडेच आठवडे उरले होते. आता सुखानं सुटायचं, एवढीच तिची इच्छा होती.

त्या मंगळवारी सकाळी ती पोचली तेव्हा शटरसमोर रांग लागलेली होती. साधारण त्यांच्या बँकेसारखंच नाव असलेली दुसरी एक बँक आदल्या दिवशी बंद पडली होती. रातोरात फोनवरून निरोप फिरले आणि नावांची गल्लत झाली. आता 'ती बँक आमची नव्हे' असं सांगायला जावं तर लोक म्हणत, बुडणारा असंच बोलतो.

तिनं मुख्य कार्यालयात फोन लावला. मोठे साहेब म्हणाले, "रोकड पाठवतोय, पण गाडीला वेळ लागेल. तोवर हळू द्या. प्रत्येकाची सही चारचारदा तपासा. वेळ काढा."

"साहेब, आपण हळू दिलं तर बाहेर बोंब होईल."

"मग काय करणार तुम्ही?"

"एक खिडकी वाढवते. मीच बसते."

कित्येक वर्षांनी ती खिडकीवर बसली. शेजारच्या खिडकीतली नवी कॅशियर पोरगी सारखी पाणी पीत होती. "मॅडम, दुपारपर्यंत तरी पुरेल का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"हसत मोज," बाई म्हणाली. "तुझं तोंड बघूनच अर्धी माणसं घाबरतायत."

पण घाबरली तीही होती. बँक धड आहे असं तिला वाटत होतं; पण सगळ्या शाखांसमोर अशाच रांगा लागल्या, तर धडधाकट बँकही आडवी होते, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिची स्वतःची सगळी पुंजीही इथेच होती.

तिनं मान वर केली आणि खिडकीसमोर दादा उभा होता. तिचा थोरला भाऊ. मागे वहिनी, एक हात छातीशी धरून. वहिनीचं हृदयाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. त्याचे पैसे दादानं तिच्याच शब्दावर इथे ठेवले होते.

"मागच्या दारानं आत घेशील म्हणून फोन केला होता," दादा म्हणाला. "तू उचललाच नाहीस. दोन तास रांगेत आहोत."

"उचलला असता तरी रांगेतच उभं केलं असतं."

"चिमे," तो वाकून हळूच म्हणाला, "मला खरं सांग. काढू का?"

मागची माणसं कान देऊन पुढे सरकली. मॅनेजरचा भाऊ, हे एव्हाना रांगेभर झालं होतं. डोळ्यानं नुसतं खुणावलं असतं, तरी दादाला कळलं असतं.

"दादा, तुला जे सांगीन तेच मागच्या सगळ्यांना सांगावं लागेल," ती मोठ्यानं म्हणाली. "बंद पडली ती बँक वेगळी. आपली बुडेल असं मला काही दिसलेलं नाही. माझे पैसे इथेच आहेत, मी काढलेले नाहीत. पण तुझे पैसे तुझे आहेत. हवे असतील तर आत्ता देते."

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "द्या वन्सं. माझ्या जिवाशी खेळ नको."

तिनं सगळी रक्कम मोजून दिली. ड्रॉवरचा तळ दिसायला लागला.

"भाऊच काढतोय!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हणजे बुडालीच!" रांग मोडली. दाराच्या काचेवर धडाधड हात पडू लागले. वॉचमननं शटर ओढायला हात घातला.

"खबरदार!" ती खुर्चीवरून उठून ओरडली. "शटर खाली आलं तर संपलं सगळं. पुढे कोण आहे? या, तुमचं काम सांगा."

पुढे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मागे वळून दरडावलं, "अरे, भावाला पुरे दिले ना? मग मलाही देतील. ढकलू नका!"

मास्तरांना दिले. त्यांच्या मागच्या आजींना दिले. शेवटचं बंडल सुटलं तेव्हा कॅशियर पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रोकडीची गाडी लागली. पेट्या नेहमी मागच्या गल्लीतून येत. बाईनं वॉचमनला धाडून त्या पुढच्या दारानं, लोकांच्या देखत आत आणवल्या. पेट्या जड होत्या, वाहणारी माणसं वाकली होती. रांगेतला गलका उतरत गेला. काहीजण घड्याळ बघत घरी गेले. संध्याकाळी शटर वेळेवरच बंद झालं.

आठवडाभरात सगळं निवळलं. बँक तरली. वहिनीचं ऑपरेशन झालं, नीट झालं. पण दवाखान्यात बाई भेटायला गेली की वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपायची. आजारी असूनही दोन तास रांगेत उभं राहावं लागलं, हे ती विसरली नव्हती. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिच्या धैर्यावर लांबलचक भाषण ठोकलं. दादाची खुर्ची रिकामीच होती.

पुढे एका दुपारी तो एकटाच तिच्या घरी आला. तिनं चहा टाकला.

"तू खुणावशील असं वाटलं होतं," तो चहा बशीत ओतत म्हणाला. "लहानपणी पत्ते खेळताना खुणावायचीस तसं."

"खुणावण्यासारखं मला काही माहीतच नव्हतं, दादा. तुझ्याइतकीच घाबरले होते."

"आणि माहीत असतं तर? बुडणार हे ठाऊक असतं, तर भावाला सांगितलं असतंस?"

तिनं आपला कप बाजूला सारला.

"पहिले तुलाच सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि मग मागच्या माणसांना तोंड दाखवता आलं नसतं."

दादानं बशी खाली ठेवली. म्हणाला, "वहिनीला भेटायला ये. मी सांगून ठेवतो तिला."

"तिनं पुन्हा तोंड फिरवलं तर?"

"फिरवेल," दादा म्हणाला. "तरी ये."

ती चप्पल घालून त्याच्याबरोबरच निघाली.