धुक्यात चुकलेला शिपाई

आमच्या बोंफोल गावाच्या रानात फ्रेंच आणि जर्मन खंदकांची टोकं स्वित्झर्लंडच्या सीमेशी येऊन थांबत. सीमा म्हणजे नुसते ओळीनं रोवलेले दगड. पलीकडे तोफा, अलीकडे पहारा देणारी आमची पोरं. माझ्या गोठ्यालगतच्या चौकीवर र्‍युएग नावाचा हवालदार होता. झुरिककडचा, बोली जर्मन; आमच्या गावात मात्र सगळे फ्रेंच बोलणारे. "तुझं फ्रेंच ऐकून माझ्या गाई आटतील रे," असं मी त्याला चिडवायची.

१९१५ च्या हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी, खांद्यावर बंदूक घेतलेला फ्रेंच शिपाई थेट माझ्या गोठ्यात शिरला. नाव आन्सेल्म.

"काकू, आमची तुकडी कुठंय?"

"तुझी तुकडी फ्रान्सात. तू स्वित्झर्लंडात आलायस, बाबा."

तेवढ्यात र्‍युएग धावत आला. आमचा देश युद्धात कुणाच्याच बाजूनं नव्हता, म्हणून नियम ठरलेला होता: लढणाऱ्या देशाचा शिपाई आत आला, की हत्यार काढून घ्यायचं आणि युद्ध संपेपर्यंत त्याला इथंच ठेवायचं.

"परत जाऊ द्या हो," आन्सेल्म गयावया करू लागला. "धाकटा भाऊ खंदकात आहे माझा."

"आज तुला सोडलं, तर उद्या जर्मन आम्हाला जाब विचारतील," र्‍युएग म्हणाला.

आन्सेल्मनं बंदूक दिली आणि गवताच्या भाऱ्यावर बसून रडला.

थोड्या वेळानं धुक्यातून हाका आल्या. "आन्सेल्म! ए आन्सेल्म!"

"तो फिर्मँ! माझा भाऊ!" आन्सेल्म उठला. र्‍युएगनं त्याला धरलं.

"मला त्यांच्याशी बोलायची परवानगी नाही," र्‍युएग हळूच म्हणाला.

"मला कुणी बंदी घातलीय?" मी दगडापर्यंत गेले आणि ओरडले, "जिवंत आहे! आमच्याकडे राहणार आता!"

पलीकडून आवाज आला, "गाढवा, मला एकट्याला टाकलंस!" आणि लगेच, "त्याला खायला द्या, काकू."

आन्सेल्मला आतल्या मुलखात नेलं. फिर्मँचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

युद्ध संपल्यावर एक दिवस दोघंही माझ्या दारात उभे. फिर्मँचा एक पाय लाकडाचा होता.

"मी चिखल खाल्ला, यानं तुमचं चीज," फिर्मँ हसत म्हणाला. आन्सेल्म हसला नाही.

निघताना लाकडी पायाचा पट्टा सुटला. आन्सेल्म अंगणातच गुडघ्यावर बसून तो बांधू लागला.

"नीट आवळ की," फिर्मँ खेकसला, आणि तोल सावरायला त्यानं हात भावाच्या डोक्यावर ठेवला. पट्टा बांधून झाला तरी तो हात तिथंच होता.