मोठ्या घड्याळासमोर

घड्याळमास्तरांनी दुकानावरचं मोठं घड्याळ उतरवून भंगारवाल्याला दिलं, त्याला आज नऊ दिवस झाले होते. दोन्ही बाजूंना तबकड्या असलेलं ते घड्याळ वडिलांनी लावलेलं. गल्लीच्या तोंडापासून दिसायचं. त्याचा लोखंडी दांडा भिंतीत पक्का बसला होता म्हणून तेवढा राहिला.

गल्लीला नाव नव्हतं, घरांना नंबर नव्हते आणि फोनमधल्या नकाशाचा ठिपका मागच्या गिरणीच्या भिंतीवर पडायचा. त्यामुळे गल्लीतले सगळे काहीही मागवताना पत्त्यात ‘मोठ्या घड्याळासमोर’ नाहीतर ‘मोठ्या घड्याळाशेजारी’ असं लिहीत. दिवसाला वीस-वीस पार्सलवाले मास्तरांच्या दारात येत. दुरुस्तीचं घड्याळ घेऊन मात्र महिनोन्‌महिने कुणी फिरकत नसे. मास्तर बसल्या जागेवरून दारं दाखवत. कुणी घरी नसलं की खोकी त्यांच्याच काउंटरवर. एकदा समोरच्या शिक्षिकाबाई आपलं खोकं न्यायला आल्या आणि तिथेच उघडून बसल्या. आत भिंतीवरचं घड्याळ.

“मास्तर, चालत नाहीये हो. सेल उलटा बसलाय का, बघता जरा?”

मास्तरांनी सेल सुलटा केला. बाई म्हणाल्या, “बरं बाई, तुम्ही आहात ते,” आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिडी लावली.

नेहमीचा पार्सलवाला त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. नव्याला गल्ली सापडेना. शेजारचा इस्त्रीवाला रोज टोमणा मारी, “मास्तर, माझी चप्पल तिसऱ्यांदा परत गेली. आता काय, अनवाणी इस्त्री करू?” मास्तर हसत. आतून बरंही वाटे.

आज दुपारी अडीचला मुलीचा फोन आला.

“बाबा, आईच्या गोळ्यांचं पार्सल दोनदा फिरलंय. पत्ता सापडला नाही म्हणतात. आजची शेवटची खेप.”

“पत्ता काय घातलास?”

“नेहमीचाच. मोठ्या घड्याळाचं दुकान.”

मास्तरांनी गोळ्यांची डबी उघडून पाहिली. बायकोची किडनी बदलून तीन वर्षं झाली होती, आणि ती किडनी मास्तरांचीच होती. शरीराने तिला परकी समजून झिडकारू नये म्हणून सकाळी एक, संध्याकाळी एक गोळी. डबीत चार उरल्या होत्या. पूर्वी कोपऱ्यावरचा औषधवाला मागवून द्यायचा. लोक औषधंही फोनवरून मागवायला लागल्यावर त्याने शटर पाडलं. इस्पितळातल्या दुकानानेसुद्धा आता ऑनलाइनच घ्या म्हणून सांगितलं होतं.

मुलीने पार्सलवाल्याचा नंबर पाठवला. पाचव्यांदा तो लागला.

“काका, कुठाय ते मोठं घड्याळ? किती चकरा मारायच्या?”

“ते काढलंय रे. मी बाहेरच उभा आहे.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

मास्तरांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांना स्वतःचा पत्ता सांगावा लागला नव्हता. “इस्त्रीचं दुकान आहे बघ...”

“आत्तापर्यंत पाच पाहिली इस्त्रीची.”

“तू कुठे आहेस? मीच येतो.”

“एका जागी असतो तर सांगितलं असतं ना! नव्वद पार्सलं आहेत, काका. चारपर्यंत इकडेच आहे. दिसलं तर देतो.”

नंतर त्याने फोन उचलला नाही.

हातातलं काम टाकून इस्त्रीवाला गिरणीच्या टोकाला जाऊन थांबला. शिक्षिकाबाईंनी भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं. “हे लावा. काहीतरी दिसेल तरी.” मास्तर स्टुलावर चढले आणि सुतळीने ते दांड्याला बांधू लागले. गाठ बसेना. शेवटी तसंच दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं. बाई गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन बघून आल्या.

“दिसतंय का?”

“बशीएवढं.”

चार वाजायला दहा मिनिटं असताना पाठीवर मोठी थैली घेतलेला एक दुचाकीवाला तोंडाशी आला. वेग कमी केला. त्याने वर पाहिलं, फोनकडे पाहिलं. मास्तर बेंबीच्या देठापासून ओरडले. बाई धावल्या. त्याच्या कानात काहीतरी खुपसलेलं होतं. मास्तर स्टुलावरून उतरून, पडून, उठून तोंडाशी पोचले तेव्हा रस्त्यावर पन्नास दुचाक्या होत्या आणि निम्म्यांच्या पाठीवर तसलीच थैली.

पार्सलच्या गोदामापर्यंत ते रिक्षाने गेले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “न पोचलेली पार्सलं घेऊन परतीची गाडी आत्ताच सुटली. सव्वापाचला.” मास्तरांच्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटं झाली होती. ते घड्याळ चुकत नसे.

मुलीचा पुन्हा फोन आला. “बाबा, दुसऱ्या मागवते. पाच दिवस लागतील. पत्ता काय घालू?”

मास्तर रिक्षा शोधत रस्त्याकडे वळले.

“बाबा? पत्ता काय घालू?”

“शिक्षिकाबाईंना विचार,” ते म्हणाले. “मला नाही सांगता येत.”

घरी येऊन ते दुकानात बसले. भिंग डोळ्याला लावलं, पात्याचं टोक पुसलं आणि चारही गोळ्या मधोमध कापल्या. गोळी चुकवायची नाही की कमी करायची नाही, हे डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. आठ तुकडे झाले. दहा हवे होते. मास्तरांनी पुन्हा मोजले.

सात वाजता बायकोने तळहात पुढे केला. तुकडा उजेडात धरून पाहिला.

“एवढीशीच?”

“आता अशीच येते. नवीन आहे.”

“म्हणजे पार्सल आलं तर.”

“आलं.”

तिने पाण्याबरोबर गोळी घेतली, पेला खाली ठेवला. “बघा,” ती म्हणाली, “उगीच जिवाला लावून घेतलं होतंत. घड्याळ नसलं म्हणून काही अडलं का?”