सीटखालची वायर

माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या दुरुस्तीचं काम बाळारामला कुणी शिकवलं नाही. काल्हेरच्या गोदामांत हमाली करता करता बंद पडलेली मशीन उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची, असा त्याचा हात बसला. मशीनला जे अडवतं तो बिघाड आणि तो काढून टाकायचा, एवढं त्याचं शास्त्र. गोदामवाले खूश होते आणि स्वारीही जरा हवेतच असायची. मुलगी धम्मदिना आयटीआय करून आली, तेव्हा "बाकावर बसून काय शिकलीस गं?" असं तो तिला येताजाता चिडवायचा.

आज मात्र त्याला तिचा होकार हवा होता. गोदामाचे मालक कुणालशेठ यांनी तिला एक डिझेल मशीन तपासायला बोलावलं होतं. ती "ठीक आहे" म्हणाली, की सगळ्या मशीनींच्या देखभालीचं काम या बापलेकींना मिळणार होतं. मशीन बाळारामच्याच हातची, म्हणून तो निवांत होता.

धम्मदिनाने सीट उचलली. खालच्या स्विचच्या वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली होती.

"पप्पा, हे तुम्ही केलंय?"

"मंग! स्विच गेलता. बाहेर ट्रक खोळंबलेला. लगेच चालू करून दिली."

"ड्रायव्हर उठला की मशीन थांबावी, म्हणून असतो तो स्विच."

"चालू मशीनवरून उठंल कशाला कोण?"

तिने वाद घातला नाही. सगळ्यांना बाजूला केलं, मशीन सुरू केली, गिअर टाकला आणि खाली उतरली. रिकाम्या सीटची मशीन सावकाश पुढे निघाली आणि खोक्यांची थप्पी ढकलत राहिली. धम्मदिनाने बाजूने चालत जाऊन चावी फिरवली.

अशा वायरी बाळारामने कुठे कुठे पिळल्या होत्या, तेच त्याला धड आठवेना.

बाजूला उभे असलेले कुणालशेठ हसले. "आमचे ड्रायव्हर काय येडे हायेत का, काका? पोरीला सांगा, ठीक हाय म्हणून टाक. काम तुमचंच."

धम्मदिनाने चावी काढून घेतली; बापाकडे ती बघतही नव्हती. बाळारामला तिचा रागच आला. घरी बोलली असती तर काय बिघडलं असतं?

"न्हाय शेठ," तो म्हणाला. "ही चालवू नका. मीच बिघडवलीय."

काम अर्थातच गेलं. शेठनी दुसरा मेकॅनिक बघतो म्हणून सांगितलं.

फाटकाबाहेर धम्मदिनाने स्कूटर घराच्या दिशेने वळवली. बाळाराम मागे बसला.

"घरी नको. आधी वडप्याच्या गोदामात चल."

"तिथेही?"

"तिथं तशा वायरी हायेतच. बाकीच्या आठवतील तशा सांगतो."