एक सोडून एक सोमवार

“बाही खाली करा, दलेंदामावशी. आज टोचायचं नाही.”

दलेंदा खुर्चीत बसून दंड पुढे करून तयार होती. “नस सापडणार नाही असं वाटतंय का? मग डावा हात घे. डावा कधी फसवत नाही.”

“नशीचं काही नाही हो,” डॉक्टर सिरीन हसली. “नव्या पेशी आल्यात. शनिवारी कस्टममधून सुटल्या. बाटलीत आपल्या आपण वाढतात. दमत नाहीत, कुरकुरत नाहीत.”

“मी कधी कुरकुरले?”

“तुम्हाला नाही म्हणत मी! सुटलात तुम्ही, असं म्हणतेय.”

दलेंदाने बाही खाली केली नाही.

तिचं नेमून दिलेलं काम काचेच्या नळ्या धुण्याचं. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखी चरबी असते, ती काढून या नळ्यांत वाळवतात. प्लॅस्टिकला ती चिकटून बसते, म्हणून काच. वाळली की नळी अगदी रिकामी दिसते. ती रिकामी नाही हे ज्याला ठाऊक, त्यालाच नळ्यांना हात लावू देतात.

दुसरं काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. एक सोडून एक सोमवारी ती रक्त द्यायची. त्या रक्तातल्या काही पेशी निवडून वाढवायच्या. त्यांच्या अंगावर जणू इवल्या ओंजळी असतात. चरबीच्या कणाची शेपटं ओंजळीत खोल दडतात, डोकं तेवढं वर राहतं. मग क्षयातून उठलेल्या माणसाच्या रक्तातल्या पहारेकरी पेशी त्यांच्यावर सोडायच्या. त्या ओंजळी चाचपत फिरतात आणि जुन्या शत्रूचं डोकं हाताला लागलं की खवळून उठतात. जुने साहेब, डॉक्टर रिदा, यांनी तिला हे स्वतःचे तळहात जोडून दाखवलं होतं. वर म्हणाले होते, “तुझं रक्त सोनं आहे, दलेंदा. बरोब्बर जुळतं.”

डॉक्टर रिदा निवृत्त होऊन गेले. ते वाक्य तिच्यापाशी राहिलं.

“पण डॉक्टर रिदा म्हणायचे, माझंच जुळतं,” ती म्हणाली. “या परक्या पेशी कशा चालतील?”

सिरीन हातमोजे काढता काढता सहज बोलून गेली. “ओंजळीत चरबीऐवजी प्रथिनं दाखवायची असती तर जुळवावं लागलं असतं, मावशी. ती ओंजळ माणसागणिक वेगळी. चरबीची मात्र सगळ्यांची जवळजवळ एकसारखीच. माझी, तुमची, फाटकावरच्या पहारेकऱ्याची.”

“मग इतकी वर्षं माझंच का घेतलं?”

सिरीनने काढलेले हातमोजे टोपलीत टाकले. पलीकडे सूक्ष्मदर्शकाशी बसलेला निझार मान वर न करता म्हणाला, “कारण तुम्ही समोर होता. आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणताच येत नाही. मला विचारलं असतं तर मी सुई बघूनच आडवा झालो असतो!”

सगळे हसले. दलेंदाही हसली. मग तिने बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि नळ्या धुवायला गेली.

रक्त द्यायच्या आदल्या रात्री तेलकट खायचं नाही, नाहीतर रक्त दुधाळ होतं. म्हणून त्या रविवारी ती उकडलेलं अंडं, कोरडा पाव आणि वर तेल न घातलेली हरिसाची लाल चटणी खाऊन झोपायची. समोरच्या घरातल्या मन्नूबियाबाई दर रविवारी वाफवलेल्या रव्याचं कुसकुस पाठवायच्या, वर चांगलं बोटभर ऑलिव्हचं तेल. एका रविवारी दलेंदा ताटली घ्यायची, पुढच्या रविवारी दारातून परत करायची.

“एक रविवार हो, एक रविवार नाही,” मन्नूबियाबाई वैतागल्या होत्या. “तुझा हिशेब ठेवायला मी काय कारकून आहे? आवडत नसेल तर सरळ सांग की बाई!”

“आवडतं हो. उद्या रक्त द्यायचंय.”

“सारखं कसलं रक्त? घरात कुणी आजारी आहे का? घरात तर कुणी नाहीच तुझ्या.”

हळूहळू ताटली यायची थांबली. शेवटची आलेली, निळ्या माशाचं चित्र असलेली, दलेंदाकडेच राहिली. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. आणि एकटीसाठी चूल पेटवणाऱ्या बाईकडे त्यात घालायला कधी काही उरत नसे.

त्या सोमवारी संध्याकाळी तिने रवा तेलात भिजवला, खजूर कुटला, मक्रूदच्या वड्या तळल्या, मधात बुडवल्या. ताटली भरली आणि समोरचं दार वाजवलं.

दार मी उघडलं. माझ्या खांद्यावर पोर किरकिरत होती.

“मन्नूबियाबाई?” तिने माझ्या पाठीमागे पाहिलं.

“त्या नाहीत हो आता. थंडीत मुलीकडे गेल्या सूसला, तिथेच वारल्या. आम्ही रमजानच्या आधी राहायला आलो.”

ती ताटली धरून तशीच उभी राहिली. बोटं तेलाने चमकत होती. “दार तर रोज दिसतं,” ती म्हणाली. एवढंच.

तिला आत बोलवायला हवं होतं, पण मागे दूध उतू जात होतं. मी ताटली घेतली. तिची नजर पोरीच्या उघड्या दंडावर गेली. जन्मल्यावर दिलेल्या क्षयाच्या लशीची गाठ तिथे अजून लाल होती.

“दुखतं का हिला?”

“नाही. डॉक्टर म्हणाले, हात लावू नका, आपोआप बरं होईल.”

“हिचीही तशीच असणार,” ती स्वतःशीच बोलली आणि वळली. काय तशीच, ते मला तेव्हा कळलं नाही. प्रयोगशाळेचं, रक्ताचं, ओंजळीचं सगळं तिने पुढे सांगितलं, माझी पोर मांडीवर झोपलेली असताना, तुकड्या-तुकड्यांत.

मधला एक रविवार सोडून पुढच्या रविवारी मी ताटलीत कुसकुस घालून तिच्या दारात गेले. ती भांडी घासत होती. बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. आतल्या बाजूला, नशीवर, सुयांच्या जुन्या खुणांची फिकट रांग होती. कुसकुसवरून तेल ताटलीच्या कडेला ओघळत होतं. ते तिने पाहिलं आणि तिचा पुढे आलेला हात थांबला.

“उद्या सोमवार ना?”

“हो. का?”

तिने ओले हात फडक्याला पुसले.

“काही नाही,” ती म्हणाली. तिने दोन्ही बाह्या खाली ओढल्या आणि ताटली दोन्ही हातांत घेतली.