हॉर्न वाजवायचा नाही

आमच्या घरात घाबरायचं खातं माझ्याकडे आहे. आमची लेक हॅटी झाल्यापासून तर मी त्यात कायम झाले. गॅस बंद आहे ना ते परत परत बघते, द्राक्षाचे चार तुकडे करते, ती गाढ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. डेल, माझा नवरा, मला 'धोक्याची घंटा' म्हणतो. प्रेमानंच म्हणतो, पण घंटा सारखीच वाजत असली की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून ब्रेकच्या त्या नळ्यांबद्दल मी बोलले, तेव्हा दोघा बापलेकांनी मानसुद्धा वर केली नाही.

गाडी पॉपची. पॉप म्हणजे डेलचे वडील. नाव ऑर्विल, पण अख्खी आळी त्यांना पॉपच म्हणते. एकोणसत्तर सालची हिरवी पॉन्टिअक जीटीओ, त्यांनी कोरी घेतलेली. डेलला दवाखान्यातून घरी आणलं ते तिच्याच मागच्या सीटवरून. नंतर ती कोठारात गवताच्या गठ्ठ्यांमागे पडून राहिली. सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यात पॉपनी तिच्यावरची ताडपत्री ओढून काढली आणि तिचा एकेक भाग शोधायला लागले.

ती चालावी एवढंच नको होतं त्यांना. ती 'बरोबर' हवी होती. बरोबर म्हणजे त्या वर्षी, त्या महिन्यात कारखान्यात जो भाग बसला असता तोच. त्याच्यासारखा दुसरा चालत नाही. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक काठीला आरसा लावून गाडीच्या पोटाखाली बघतात आणि बोल्टच्या डोक्यावरची खूण चुकली तरी गुण कापतात. पॉप स्वतः वीस वर्षं असा आरसा फिरवत आलेत.

ब्रेकच्या रबरी नळ्या गावातल्या दुकानात नव्या मिळत होत्या. पॉपनी एक हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत ठेवली.

"हिच्या टोकाची धातूची गळपट्टी गोल दाबलीय. कारखान्याची षटकोनी असते."

"पण ब्रेक लागतील ना?" मी विचारलं.

"ब्रेक काय, सायकललापण लागतात."

मग सगळा वसंत ऋतू जुन्या भागांच्या बाजारांमध्ये गेला. चिखलाच्या मैदानात टेबलं मांडलेली, गंजलेल्या ढिगांवर वाकलेले म्हातारे, आणि मी हॅटीला पोटाशी बांधून त्यांच्या मागे. शेवटी एका टेबलाखाली ते खोकं सापडलं. सीलबंद, कागद पिवळा पडलेला, आत चार नळ्या, एकदाही न वापरलेल्या. धातूच्या गळपट्टीवर हवा तोच आकडा. पॉपनी टोपी काढून छातीशी धरली. डेलनं त्यांना मिठी मारली. बाप आणि मुलगा एकमेकांना हात लावतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, त्यामुळे लगेच काही बोलवेना.

घरी आल्यावर बोलले.

"रबर कधीचं आहे हे?"

"एकोणसत्तरचं!" पॉप असे म्हणाले, की जणू आजीच्या अंगठीबद्दल विचारलंय.

"हॅटीच्या बाटलीची बोंडं मी दर दोन महिन्यांनी टाकून देते. रबर आतून खराब होतं, पॉप. बाहेरून कळत नाही."

डेल हसला. "बरं, मग ब्रेक दाबायच्या आधी नळ्या उकळून घेत जाऊ."

"वापरलेलीच नाही गं पोरी," पॉप म्हणाले. त्यांनी नळी वाकवून दाखवली. "बघ, लोणी आहे लोणी. बंद खोक्यात होती."

तीन बसवल्या. चौथी, पुढच्या चाकाची जादा, खोक्यासकट आमच्या फ्रिजवर येऊन बसली.

जूनमधल्या फादर्स डेला जत्रेच्या मैदानावर प्रदर्शन होतं. पॉपच्या मनात एकच होतं: डेल जिथून घरी आला त्या सीटवर हॅटीला बसवून मैदानात शिरायचं. मी नाही म्हणाले. त्यावरून आठवडाभर घरात भांड्यांचे आवाज जरा मोठे येत होते. अखेर ठरलं की हॅटी माझ्या गाडीतून येईल, आणि फोटोसाठी तिथे गाडी उभी असताना तिला सीटवर बसवायचं.

"बरं," पॉप म्हणाले होते. ते इतक्या लवकर 'बरं' म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या सकाळी डेल तंबू ठोकायला पुढे गेला. पॉप गाडी न्यायला आले आणि हॅटीला मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसले. "तू आवर. माझा शेंगदाणा आणि मी इथेच आहोत." हॅटीला ते लाडानं शेंगदाणा म्हणतात.

मी स्वयंपाकघरात बटाट्याचं सॅलड डब्यात भरत होते. फ्रिजचं दार लावताना वरचं खोकं हललं. का कोण जाणे, मी ते खाली घेतलं. नळी हातात घेतली. काळी, गुळगुळीत, देखणी. ओट्यावर कोंबडी कापायची कात्री होती. हे केलं तर पॉप मला जन्मभर माफ करणार नाहीत, हे ठाऊक असूनही मी कात्री चालवली.

बाहेरचं रबर लोण्यासारखंच कापलं गेलं. आतलं कापलं नाही, चुरा होऊन पडलं. जळक्या टोस्टच्या कडेसारखे काळे कण ओट्यावर सांडले. आतली भिंत भेगांनी फाटलेली होती आणि बाहेरची कातडी तेवढी सगळं धरून होती.

तेवढ्यात बाहेर जीटीओचं इंजिन सुरू झालं.

ते इंजिन खिडकीच्या काचा हलवतं. नळी खिशात कोंबून मी धावले तोवर झोपाळा रिकामा हलत होता. पॉपचा फोन कठड्यावर पडलेला. माझ्या गाडीचं मागचं दार सताड उघडं, आणि हॅटीला गाडीत बांधायची खुर्ची तिथे नव्हती.

किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्यावर काढली. पुढचा रस्ता मला पाठ होता: ओढ्याच्या पुलापर्यंत हलका उतार, मग चर्चपर्यंत चढ, आणि चर्चपलीकडे सरळ खाली हायवे. तिथे थांबायची पाटी आहे आणि खडीचे ट्रक कोणासाठी थांबत नाहीत. पॉप आठवडाभर ती गाडी कोठाराच्या आवारात फिरवत होते. गोगलगायीच्या वेगानं. ब्रेक जोरात दाबायची वेळ त्यांच्यावर अजून आलीच नव्हती.

पुलाच्या अलीकडे मी त्यांना गाठलं. मागच्या काचेतून हॅटीच्या खुर्चीची पाठ दिसत होती. माझा तळवा हॉर्नवर गेला आणि तिथेच गोठला.

हॉर्न वाजवला तर पॉप दचकणार. दचकले तर ब्रेक दाबणार, आणि तोही जोरात. ज्यानं नळी फुटेल तेच मी त्यांच्याकडून करून घेणार.

मी हात उचलून मांडीखाली दाबला. दिवे लावले नाहीत, ओरडले नाही. माझ्या पोरीच्या मागे मी शहाण्या शेजाऱ्यासारखी चालले होते. पूल अरुंद, पुढे जाता येईना. पॉपचा ब्रेकदिवा एकदा हलकेच लुकलुकला. गाडी पूल ओलांडून गेली.

चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि त्यांच्या शेजारून पुढे निघाले. खिडकीतून पॉपनी हात केला. खुशीत होते! मीही हात केला. हसलेसुद्धा. मग त्यांच्यापुढे येऊन पाय हळूच उचलला. चढच गाडीला मागे ओढत होता. आरशात त्यांच्या गाडीचं हिरवं नाकाड जवळ येत राहिलं, मंदावलं, आणखी मंदावलं. चर्चच्या जरा अलीकडे आम्ही दोघं जवळजवळ आपोआप थांबलो.

मी उतरले ते धावतच. त्यांचं दार उघडलं, "उतरा, उतरा" म्हणत त्यांना अक्षरशः बाहेर ओढलं, पुढची सीट वाकवली आणि आत शिरले. हॅटी जागी होती, मोजा चघळत होती. पट्टा सोडवायला वेळ लागला. तिला घेऊन गवतावर आले आणि तिथेच बसले.

"वेड लागलंय काय तुला? मेलंय का कोणी?"

मी खिशातली नळी काढून दिली. चिरलेली.

पॉपचा चेहरा पडला. "कापलीस? मार्नी, ही कापलीस तू? आकडा होता गं तिच्यावर!"

"आत बघा."

त्यांनी बोट घातलं. बोट काळं झालं. ते त्यांनी पँटला पुसलं.

"ही एक खराब निघाली असेल," ते म्हणाले. "गाडीतल्या ठीक आहेत. आत्ता पुलावर दाबला की मी ब्रेक."

"हळू दाबलात."

"मग जोरात दाबून दाखवतो! म्हणजे तुझी घंटा एकदाची बंद होईल. आणि शेंगदाणा माझ्याबरोबर येईल."

"पॉप, नको. टो करणाऱ्याला बोलवू. पाया पडते."

"बाजूला हो."

चर्चसमोरचा रस्त्याचा तुकडा सपाट आहे आणि कडेला डेव्हिसांचं सोयाबीनचं शेत. मी हॅटीचा चेहरा मानेत लपवला. पॉपनी गाडी माझ्या गाडीला वळसा घालून पुढे नेली आणि दणक्यात वेग घेतला. ब्रेकदिवे लागले, लालभडक. गाडीचं नाक खाली वाकलं आणि लगेच परत वर आलं. दिवे लागलेलेच होते, आणि गाडी चाललेलीच होती. मागचे ब्रेक नुसते कण्हत होते. सपाट रस्ता संपत आला, पुढे तो उतार, त्याच्या तळाशी हायवे आणि खडीचे ट्रक.

"शेतात!" मी किंचाळले. "पॉप, शेतात घाला!"

इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण चाकं वळली. गाडी चरावरून उडाली, कुंपणाची तार तुटल्याचा आवाज आला आणि ती सोयाबीनमध्ये हिरव्या पट्ट्या पाडत बरीच लांब जाऊन थांबली. मग इंजिन बंद पडलं. इतकं शांत झालं की हॅटीची उचकी मला ऐकू आली.

मी तिला घेऊन रोपांतून चालत गेले. पुढच्या चाकामागून ब्रेकचं तेल मातीत ठिबकत होतं. पॉप आत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कपाळावर जरा खरचटलेलं. पाय अजून ब्रेकवर होता, तळापर्यंत दाबलेला. मागच्या सीटवर हॅटीची खुर्ची पट्ट्यांतून सुटून आडवी पडली होती.

पॉपनी मान वळवून त्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ओठ हलत होते.

"हॅटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

ती माझ्या कडेवरच होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्यांना दिसत नव्हती.

"इथे आहे, पॉप."

"कुठाय ती?"

मी त्यांचा एक हात स्टिअरिंगवरून सोडवला. बोटं उघडेनात, एकेक करून उघडावी लागली. तो हात हॅटीच्या पाठीवर ठेवला आणि त्यावर मी माझा हात दाबून धरला. तिला परत उचकी आली. ती त्यांच्या तळव्याला जाणवली, तेव्हा कुठे त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.