उद्याची तारीख

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. हल्ली एका टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात पडून असतो. सोबतीला गंजलेल्या टाचण्या, एक तुटकी पट्टी आणि कोरडे ठणठणीत पडलेले स्टँप पॅड आहे. मित्रांनो, मला तुम्हाला काही सांगायचे आहे. ऐकून तुमची करमणूक होईल असे ते नाही. पण जन्मभर मी गप्प बसलो, आता माझ्याने गप्प बसवत नाही.

माझा जन्म एका बोळातल्या शिक्के बनवणाऱ्याकडे झाला. दुकान एवढेसे होते की गिऱ्हाईक आत आले की मालकाला बाहेर यावे लागे. त्याने माझी लाकडी मूठ घासून गुळगुळीत केली, लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यात आकड्यांचे रबरी पट्टे चढवले. दिवसाचे, महिन्याचे आणि वर्षाचे. वर 'आवक' आणि खाली 'शिष्यवृत्ती कक्ष' अशी अक्षरे कोरली. वर्षाच्या पट्ट्यावर बाराच वर्षे मावली. "बारा वर्षं काही होत नाही याला," मालक म्हणाला, "पुढचं पुढे." मला वाटले, बारा वर्षे म्हणजे केवढे मोठे आयुष्य.

मला जिथे नेले ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते. लांब व्हरांडा, एक बाक आणि जाळीची एक खिडकी. त्या शहरात ज्यांच्या धर्माची माणसे थोडी होती, त्यांच्या मुलामुलींना शाळेनंतरही शिकता यावे म्हणून सरकार त्यांची फी भरत असे. ती मुले खिडकीपाशी अर्ज आणून देत. अर्जावर मी उमटलो की तो सरकारदरबारी पोचला. मी उमटलो नाही, तर तो नुसता कागद.

शेजारच्या टेबलावरच्या बाई चहा पिता पिता म्हणायच्या, "यांचं बरं असतं, सगळं आयतं मिळतं." मला त्यांचा राग येई. एका अर्जाला चौदा कागद लागत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका, कॉलेजचे पत्र, असे काय काय. एकेका दाखल्यासाठी कुणाच्या ना कुणाच्या वडिलांना कामावर खाडा करावा लागे. त्या चौदांत एक कागद असा होता, की त्यावर आपला धर्म आपल्या हाताने लिहून खाली सही करायची. बहुतेक मुले तो कागद गठ्ठ्याच्या मधोमध ठेवत. सर्वांत वर ठेवलेला मी फारसा पाहिला नाही.

खिडकीच्या आत माझे धनी बसत. आलेल्या कागदांची नोंद ठेवायची म्हणून सगळे त्यांना आवककाका म्हणत. माणूस शिस्तीचा. मला कधी तिरके आपटले नाही, कधी शाई फासटू दिली नाही. "आवककाकांचा शिक्का म्हणजे छापल्यासारखा," असे मोठ्या मॅडम एकदा चारचौघांत म्हणाल्या होत्या. मी आठवडाभर हवेत होतो.

काकांची एक सवय होती. सव्वापाच वाजले की ते आवक वहीत त्या दिवसाच्या नोंदींखाली लाल रेघ मारत. मग मला उलटे धरून अंगठ्याने दिवसाचे चाक एक घर पुढे सरकवत आणि म्हणत, "चला, उद्याची तयारी झाली." खिडकी बंद व्हायची वेळ खरे तर साडेपाच. पण त्या पंधरा मिनिटांत सहसा कुणी येत नसे, आणि काकांना पावणेसहाची बस गाठायची असे. ती सवय मलाही आवडत होती. बाकीचे शिक्के सकाळी डोळे चोळत उठत, मी मात्र आदल्या संध्याकाळपासूनच तयार. त्याचा मला मोठा तोरा होता.

आता त्या मुलीबद्दल सांगतो.

तिचे वडील शर्टाच्या कारखान्यात होते. दिवसभर फक्त कॉलर लावायची, दुसरे काही नाही. ती पहिल्यांदा अर्ज घेऊन आली तेव्हा काका बघतच राहिले. चौदाही कागद डाव्या कडेने चक्क शिलाई मशीनवर शिवलेले होते. बारीक, सरळ, पांढरी टीप.

"हे काय गं?" काकांनी विचारले.

"अर्जावर लिहिलंय ना काका, सुटे कागद घेणार नाही म्हणून. बाबा म्हणाले, टाचणीचा काय भरवसा, मी शिवूनच देतो."

काका हसले, मीही माझ्या परीने हसलो. त्या शिलाईच्या शेजारी मी अगदी जपून उमटलो. ती फार्मसीला होती. त्यांच्या गल्लीत औषधाचे दुकान नव्हते, ते आपण काढायचे असे तिने काकांना सांगून ठेवले होते. दर वर्षी अर्ज नव्याने भरावा लागे. दुसऱ्या वर्षीही ती तसेच शिवलेले कागद घेऊन आली. काकांनी तिला ओळखले आणि म्हणाले, "ये, टीपवाली."

तिसऱ्या वर्षी तिच्या उत्पन्नाच्या जुन्या दाखल्याची मुदत संपली, आणि नवा दाखला देणाऱ्या कचेरीतला सही करणारा माणूस रजेवर गेला. ती रोज तिथे खेटे घालत होती. दाखला हातात पडला तो नेमका आमच्याकडच्या शेवटच्या दिवशी, दुपार उलटल्यावर.

त्या दिवशी खिडकीवर चारपर्यंत झुंबड होती. मग व्हरांडा रिकामा झाला. सव्वापाचला काकांचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. रेघ मारली. मला उलटे केले. चाक फिरले.

पाच वाजून वीस मिनिटांनी ती जिना धावत चढून आली. तेरा कागद मशीनवर शिवलेले होते, चौदावा तिने खालच्या पायरीवर बसून हाताने शिवला होता. टाके वेडेवाकडे आले होते आणि एका बोटातून रक्त येत होते.

"काका, वेळ आहे ना अजून?"

काकांनी घड्याळाकडे पाहिले. "दहा मिनिटं आहेत. आण, आण. वेळेत आलीस बघ."

काका भले होते, हे मी आजही म्हणतो. त्यांनी मला पॅडवर दाबले, अर्जावर दाबले, मग पोचपावतीवर दाबले. दोन्हीकडे उद्याची तारीख उमटली. वहीत तिचे नाव लाल रेघेच्या खाली गेले.

मित्रांनो, माझ्या पोटावर कोणता आकडा आहे हे मला ठाऊक होते. पण मी काय करणार होतो? मला ओरडता येत नाही. पट्टा तुटून पडावा असे फार वाटले. तो तुटला नाही, चांगल्या कारागिराने बनवला होता. तिने पोच न वाचताच पिशवीत ठेवली. इतकी दमली होती की जिन्यापर्यंत भिंतीला हात लावत गेली. काकांनाही त्यांची बस मिळाली.

दीड महिन्याने यादी लागली. वरच्या कार्यालयात अर्ज तपासणारे लोक आधी अर्ज वाचत नाहीत, आधी मला वाचतात. तिच्या नावापुढे लिहिले होते, 'मुदतीनंतर प्राप्त.'

ती पोच घेऊन खिडकीशी आली. येऊन भांडली असती तर बरे झाले असते.

"काका, मला वाटत होतं मी शेवटच्या दिवशीच आले होते," ती म्हणाली. "पण यावर दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. माझाच दिवस चुकला असेल का हो?"

काकांनी पोच पाहिली. वहीचे ते पान काढले, लाल रेघ पाहिली. त्यांचा हात माझ्या मुठीवर होता, तो गार पडला. त्यांना सगळे समजले आहे, हे मला समजले.

"असेल," काका म्हणाले. "धावपळीत होतं असं कधी कधी."

तिने मान हलवली. "घरी काय सांगू आता," ती म्हणाली, पण ते काकांना विचारलेले नव्हते. तिने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला, आणि मी खोटा होतो.

काका का बोलले नाहीत? त्यांची नोकरी आठ महिने उरली होती. शेवटच्या तारखेला, वेळेआधी वही बंद केली हे लिहून द्यावे लागले असते. चौकशी लागली असती, सगळ्यांसमोर मान खाली गेली असती. ते दुष्ट नव्हते, ते भ्याले. दुष्ट माणसाचा मी राग तरी केला असता.

त्या दिवसापासून ते संध्याकाळी मला हात लावेनासे झाले. सकाळी आल्यावर चाक फिरवायचे, रद्दी कागदावर दोनदा उमटवून बघायचे आणि मगच खिडकी उघडायची. त्यांचे जेवण कमी झाले. डबा उघडून तसाच बंद करत. अडीच महिन्यांनी एका दुपारी त्यांनी पांढरा कागद ओढला आणि वरच्या कार्यालयाला खुलासा लिहिला. 'मुलगी वेळेत आली होती, चूक माझी आहे, तिचा अर्ज घ्यावा.' तो कागद त्यांनी मोठ्या मॅडमना दाखवला.

"आत्ता?" मॅडम म्हणाल्या. "काका, हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी फोनवर करून घेतलं असतं."

काकांनी त्यावर मला उमटवले. तारीख अगदी बरोबर होती. उत्तर दोन ओळींचे आले. यादी अंतिम झाली आहे, खुलासा मुदतीनंतर प्राप्त झाल्याने विचारात घेता येत नाही. काकांनी ते वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. त्यांना कुणी एका शब्दाने बोलले नाही, चौकशी झाली नाही, काही नाही. ज्याला भिऊन ते गप्प बसले होते, ते कधी आलेच नाही.

त्यानंतर ती एकदाच आली, सकाळी अकराच्या सुमाराला. तिच्याबरोबरची मुले तेव्हा परीक्षेला बसली होती. तिच्या अंगावर कारखान्याचा निळा डगला होता आणि खिशाला सुया टोचलेल्या होत्या.

"काका, माझा उत्पन्नाचा दाखला परत मिळेल का? मूळ प्रत आहे ती. तीन वर्षं चालतो म्हणतात. धाकट्या बहिणीच्या अर्जाला लागेल."

काकांनी तिचा अर्ज कपाटातून काढला. दाखला शिवलेला होता, म्हणून ब्लेड घेऊन ते एकेक टाका उसवू लागले. शेवटच्या टाक्याला त्यांचा हात थांबला.

"बाळ, तू वेळेतच आली होतीस," ते म्हणाले. "तारीख मी आधीच पुढे फिरवून ठेवली होती."

"मी पोच घेऊन आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं हे?"

"हो."

"बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत," ती हळू म्हणाली. "म्हणतात, माझी कॉलर एक सूत हलली तरी मालक घरी पाठवतो, आणि तुला साधा दिवस लक्षात ठेवता आला नाही. आणि काका, मलाही तसंच वाटत होतं. मी रोज मोजत बसायची, कुठला दिवस चुकले म्हणून."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी स्वतः..."

"मधलं वर्ष सुटलं की पुन्हा मिळत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

काकांनी शेवटचा टाका उसवून दाखला तिच्यापुढे सरकवला. तिने म्हटले, "हे लिहून द्या मला. बाबांना दाखवते."

त्यांनी साध्या कागदावर चार ओळी लिहून सही केली. तिने कागद घेतला आणि परत जाळीखालून आत सरकवला.

"शिक्का मारा. शिक्क्याशिवाय त्यांना खरं वाटणार नाही."

काकांनी मला उलटे धरून आकडा वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला, तिलाही दाखवला. मग दाबले. तोवर इतका स्वच्छ ठसा माझा कधी उमटला नव्हता, आणि त्याने तिचे गेलेले वर्ष परत येणार नव्हते. तिने दाखला आणि तो कागद घडी करून सुयांच्या खिशात ठेवला. उसवलेला दोरा काकांनी माझ्या मुठीला गुंडाळला आणि त्या दिवशी ते बसला घाई न करता गेले.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसानेही मला वापरले. दर वर्षी अर्ज सुरू झाले की मी कागदांच्या कडा बघायचो. टाचलेले आले, सुतळीने बांधलेले आले. शिवलेला एकही आला नाही. दाखल्याची तीन वर्षे संपली, धाकटी बहीण आलीच नाही. का आली नाही, हे मला कुणी सांगितले नाही. मला ते समजते, त्या घराचा आमच्या खिडकीवरचा भरवसा उडाला होता.

मग माझ्या पट्ट्यावरची वर्षे संपली आणि मला खणात टाकले. आता अर्ज संगणकावर भरतात. त्याला आदल्या संध्याकाळची घाई नसते म्हणे, पण शेवटच्या दिवशी तो चालतच नाही, असे बाहेरचे रडवेले आवाज ऐकून कळते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मोठे होऊन अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. त्याला माझी हात जोडून विनंती आहे. दिवस संपायच्या आधी तो संपला असे लिहू नका. दहा मिनिटे उरली असतील तर ती बाहेर धावत येणाऱ्याची आहेत, तुमची नाहीत. आणि चूक झालीच तर त्याच वेळी बोला, कारण समोरचा तुमच्या गप्प बसण्याला स्वतःची चूक समजून घरी जातो. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.

हा खण कधी कुणी उघडला की मी अजून कान देतो. वाटते, जाळीपलीकडून कुणीतरी धापा टाकत विचारेल, काका, वेळ आहे ना अजून? पण ती खिडकी आता नाही. तिथे भिंतीला लावून एक कपाट ठेवले आहे.