जोडून लिहिलेलं नाव

मंडळी, जरा जवळ सरका, कान इकडे द्या. आज कुणा राजाराणीची नाही, एका किल्लीवाल्याची आणि त्याच्या बायकोची गोष्ट सांगायची आहे. इवलीशी आहे, पण ऐकून घरी न्यावी अशी.

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी, कानशींचा डबा आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. उठताबसता त्याच्या तोंडी एकच शब्द, 'असू दे'. किल्ली पहिल्या फटक्यात लागली नाही, असू दे, पुन्हा घासू. जेवणात मीठ राहिलं, असू दे. देवापुढे हात जोडले तरी मागणं एवढंच, "लक्ष असू दे." त्यापुढे काही नाही. एका सकाळी हातात कानस घेऊन बसला, तो बसल्या जागीच गेला. बायकोला तेव्हा सातवा महिना होता.

ती रडली नाही. लॉन्ड्रीतल्या कामावर चादरींच्या घड्या घालत राहिली, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. कुणी काही विचारलं की मान हलवायची. मुलगी झाली. तिला पाजलं, पुसलं, निजवलं, तेही घडी घातल्यासारखंच. महिना उलटला तरी आईने लेकीला एकदाही हाक मारली नव्हती. हाक तोंडात येतच नव्हती.

"नाव ठेव गं बाई," सासूबाई म्हणायच्या. "किती दिवस तिला नुसतं 'ए' म्हणायचं?"

नणंदेने फोनमध्ये शोधून हातभर यादी लिहून दिली. तिने ती वाचली. सगळी नावं दुसऱ्यांच्या मुलींची वाटली.

जन्मदाखल्यात नाव घालायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती नोंदणीच्या खिडकीपाशी उभी राहिली.

"मुलीचं नाव?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

ती पदराची घडी घालत राहिली, काठाला काठ.

"नाव, बाई, नाव! मागे रांग लागलीय. नाहीतर कोरं सोडतो."

"असू दे," ती म्हणाली.

सुटलो बुवा, अशा चेहऱ्याने कारकुनाने नावाच्या रकान्यात तेच लिहायला बोटं चालवली. मग थांबला. "जोडून लिहू?"

तिने मान हलवली.

घरी नणंदेने दाखला उघडला आणि पदरात तोंड खुपसून हसायलाच लागली. "वहिनी, असूदे? अहो, शाळेत बाई विचारतील, नाव काय गं? ही म्हणणार, असूदे. बाई म्हणतील, असू दे काय, सांग की मुकाट्याने!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "हा तर त्याचा शब्द," एवढंच म्हणाल्या. मग कागद परत दिला. "पण लेकराचं जन्मभर हसं नको व्हायला. उद्या बदलून आण."

दुसऱ्या दिवशी मुलीला खांद्यावर टाकून ती पुन्हा त्याच खिडकीशी गेली. नणंदेची यादी मुठीत होती. कारकुनाने दुरुस्तीचा अर्ज पुढे ओढला. "हं, नवीन नाव बोला."

तिने यादी उलगडली. पहिलं नाव सांगायला तोंड उघडलं, तोच मुलगी कुरकुरली. मग तिने टाहोच फोडला. रांगेतली माणसं वाकून बघू लागली. आईने पाठीवर थोपटलं आणि नकळत म्हणाली, "असू दे गं. असू दे, असू दे."

मुलीने मान वळवली. ओल्या डोळ्यांनी आईकडे बघितलं आणि हुंदका गिळला.

ती तशीच उभी राहिली. लेकीला मारलेली ही पहिलीच हाक, हे तिला जरा उशिराच उमगलं. रडू अजूनही आलं नाही. फक्त खांद्याशी काहीतरी गरम लागलं, तर ती मुलीची लाळ होती.

"बाई, मग काय करू? तेच ठेवायचं?" कारकून वैतागला.

"हो, तेच."

"नक्की?"

"जोडून," ती म्हणाली.

एवढीच गोष्ट, मंडळी. आता घरी जाल. कुलपात किल्ली पहिल्या फटक्यात फिरली नाही, तर चिडू नका. तेवढी त्या किल्लीवाल्याची आठवण असू दे.